देसल्यांच्या भिंतीतलं भोक

टोकावड्याच्या पुढे, घाटाकडे जाताना उजव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो. तो ओढा ओलांडतो, माळावर चढतो आणि देसल्यांच्या घरापाशी संपतो, कारण त्याच्या पुढे जायचं त्यालाही काही काम नाही. ह्या घराला दारं दोन, चुली दोन, तुळशी दोन, कोंबड्यांची खुराडी दोन आणि घरनंबर एक. विजेचा शेवटचा खांब ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबलेला. अकरा वर्षं तो तिथेच उभा आहे आणि आता त्याच्यावर कारल्याचा वेल चढतो.

घर दोन भावांचं. थोरला महादू, धाकटा सोमा. सहा वर्षांपूर्वी महादूच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून आली, तर 'आपले नम्र'च्या यादीत सोमाचं नाव महादूच्या मेहुण्याच्या नावाखाली. छापणाऱ्याची चूक, असं महादूचं म्हणणं. छापणाऱ्याला यादी कोणी लिहून दिली, असं सोमाचं म्हणणं. माणसं जमिनीवरून भांडली तर मोजणी आणून मिटवता येतं. मानावरून भांडली की मोजायचं काय? सोमा त्या लग्नात जेवला नाही, आणि महिन्याभरात घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. विटांचा खर्च निम्मा निम्मा, गवंड्याला चहा एक दिवस इकडचा, एक दिवस तिकडचा. त्या दिवसापासून दोघा भावांचा अबोला. अबोला असला तरी एकाचं दुसऱ्यावर बारीक लक्ष. महादूने शेळी घेतली की आठ दिवसांत सोमाच्या दारात शेळी, आणि सोमाने अंगणात फरशी बसवली की महादूच्या अंगणात तीच फरशी, त्याच रंगाची.

अशा घरात बॅटऱ्या जोडायचं काम संघरत्नाच्या वाट्याला आलं.

संघरत्ना खर्डीची. वडील कसाऱ्याला रेल्वेत, भावाचं खर्डी स्टेशनबाहेर झेरॉक्सचं दुकान. मुरबाडच्या एका संस्थेत तिने सौरऊर्जेचं सहा महिन्यांचं शिक्षण घेतलं होतं आणि मामाकडे राहून ती तिथेच शिकाऊ म्हणून लागली होती. आजवर तिचं काम म्हणजे हर्षित नावाच्या तंत्रज्ञाने शिडी चढायची आणि हिने खालून टॉर्चचा उजेड दाखवायचा. देसल्यांचं घर हे तिचं पहिलं स्वतःचं काम. संस्थेचे सुयोग सर तीन आठवड्यांनी येऊन तपासणार, दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे सारखे निघाले आणि तपासणीच्या कागदावर घरमालकाची सही झाली, की संघरत्ना पक्की तंत्रज्ञ. नाही झाली, तर खर्डीला परत जाऊन भावाच्या दुकानात आधार कार्डांच्या झेरॉक्स काढत बसायचं. भाऊ स्वभावाने चांगला होता, पण तो तिला दिवसातून दहा वेळा "पेपर सरळ लाव" म्हणायचा, आणि त्या आठवणीनेच तिच्या अंगावर काटा यायचा.

संस्थेचा नियम साधा. एका घरनंबराला एक संच. चार पॅनेल, एक इन्व्हर्टर, दोन बॅटऱ्या. प्रत्येक बॅटरी बारा व्होल्टची आणि इन्व्हर्टरला लागतात चोवीस, म्हणून दोन्ही एकापुढे एक जोडायच्या. शाळेतल्या पोरालाही जमेल असं काम.

पण सामान उतरवून होतंय तोवर दोघा भावांनी वाटणी करून टाकली होती. दोन पॅनेल ह्याच्या अंगणात, दोन त्याच्या. एक बॅटरी ह्याच्या खोलीत, एक त्याच्या. इन्व्हर्टर दोघांच्या पडवीच्या बरोबर मध्यावर, टेपने मोजून. संघरत्नाने परोपरीने समजावलं की बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवायच्या असतात, त्या एकमेकींना जाड केबलने बांधाव्या लागतात. महादू म्हणाला की माझी बॅटरी त्याच्या घरात जाणार नाही. सोमाने ते ऐकलं आणि हेच वाक्य आपल्या दारातून संघरत्नालाच सांगितलं, कारण महादूला सांगायची सोय नव्हती.

शेवटी एकच वाट उरली. भिंतीला चिकटून अल्याड एक बॅटरी, पल्याड एक, आणि केबल जायला भिंतीत भोक. संघरत्नाला दोन बोटं मावतील एवढं भोक हवं होतं, पण भिंत दोघांची, म्हणजे भोकही दोघांनी पाडायला हवं. महादूने इकडून छिन्नी लावली, सोमाने तिकडून. निम्म्या भिंतीपर्यंत दोघेही इमानाने पोचले आणि मग कळलं की दोन भोकं एकमेकांना चार बोटं चुकली आहेत. ती जुळवता जुळवता हाताची मूठ आरपार जाईल एवढं भगदाड पडलं. सिमेंटने बुजवायचं ठरलं, पण सिमेंट कोणी आणायचं हे ठरेना. म्हणून ते तसंच राहिलं.

त्यात पुन्हा प्लस-मायनसचं निघालं. महादूच्या बॅटरीची प्लस तार इन्व्हर्टरकडे जाणार आणि सोमाच्या बॅटरीची मायनस, हे कळल्यावर सोमा खाटेवर बसला तो उठेचना. मायनस आपल्याच वाट्याला का, हे त्याला कळायला हवं होतं. संघरत्नाने त्याला दाखवलं की प्रत्येक बॅटरीला दोन्ही असतात, तुमचा प्लस भोकातून जाऊन त्यांच्या मायनसला धरतो. सोमाने बराच वेळ विचार केला, आणि भावाचा मायनस आपल्या प्लसच्या हातात आहे एवढ्यावर तो राजी झाला.

त्या दिवशी तिला आठ कप चहा प्यावा लागला. महादूच्या शकूने चहाबरोबर बिस्किटं दिली, म्हणून सोमाच्या चंद्रकलेने पोहे केले. पोह्यांचा वास भोकातून पलीकडे गेला, म्हणून शकूने अंडी तळली. संध्याकाळी साडेसहाला इन्व्हर्टरचं बटण दाबलं तेव्हा दोन्ही घरांत एकदमच उजेड पडला. दोन्ही तुळशींपाशी दोघी जावा एकदमच हात जोडून उभ्या राहिल्या. संघरत्नाला इतका आनंद झाला, की आपल्या पोटात दुखतंय हे तिला ओढा ओलांडल्यावर कळलं.

फक्त कागदाचं राहिलं. त्यावर 'घरमालकाची सही' अशी एकच ओळ होती. महादू म्हणाला की थोरला मी, सही माझी. सोमाने दारातून सांगितलं की कुठल्याही कागदावर ह्या माणसाच्या नावाखाली आपलं नाव येणार नाही, आणि त्याचं एकट्याचं तर मुळीच नाही. सर येतील तेव्हा बघू, असं म्हणून संघरत्नाने कागद घडी करून पिशवीत ठेवला.

आठ दिवसांनी ती पाहायला आली, तेव्हा सोमाच्या दाराला कुलूप होतं. सोमा आणि चंद्रकला कसाऱ्याला लेकीकडे गेले होते. महादूच्या बॅटरीपाशी मात्र तिला दोन बारीक तारा दिसल्या. त्या खिडकीतून बाहेर जाऊन शेताकडे गेल्या होत्या.

तारांच्या टोकाला झटका मशीन होतं. झटका मशीन म्हणजे शेताभोवतीच्या तारेत राहून राहून सणसणीत झटका सोडणारं डबडं. रानडुक्कर त्याने मरत नाही, पण पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. भात काढल्यावर दोघा भावांनी शेजारी शेजारी वाल पेरला होता. महादूच्या मशीनची स्वतःची लहान बॅटरी पावसाळ्यात फुगून बसली होती, तर त्याने संचाच्या बॅटरीलाच चिमटे लावून टाकले. बॅटरी आपली, करंट आपला, त्यात कोणाच्या बापाचं काय?

महादू शेतावर होता, म्हणून संघरत्नाने शकूला समजावलं. "काकी, ही बैलजोडी हाय असं समजा. एका बैलाचा चारा कमी केलात तर दुसरा कितीबी तगडा असूं दे, गाडी जाग्यावर बसनार. जोडीतल्या एकाच बॅटरीतून काय काढायचं नाय. सरांना कळलं तर संच उचलून दुसऱ्या वाडीला देतील."

शकूने ऐकलं, उठली आणि चिमटे उपटून चुलीमागे टाकले. संघरत्नाला फार बरं वाटलं. मग तिने मीटर लावलं. महादूची बॅटरी साडेबारा आणि दोन्ही मिळून बरोबर पंचवीस, म्हणजे कुलुपामागची सोमाचीही साडेबारा. दोन्ही सारख्या. ती खुशीत मुरबाडला परतली.

इथे तिचं चुकलं. आठ दिवस महादूच्या बॅटरीला जळू लागलेली असताना दोन्ही सारख्या राहिल्या कशा, हा प्रश्न तिला त्याच वेळी पडायला हवा होता. पडला तो बारा दिवसांनी, शकूचा फोन आला तेव्हा. संध्याकाळी साडेसातलाच दिवे जातात, असं शकू सांगत होती, आणि फोन कानाला लावल्या लावल्या संघरत्नाच्या डोक्यात उजेड पडला. महादूने जे केलं ते सोमाने केल्याशिवाय कसं राहील? एकाने शेळी घेतली की दुसऱ्याने घ्यायची, हे ह्या घराचं बांधकामच आहे. दोघेही सारखी चोरी करत होते म्हणून बॅटऱ्या सारख्या होत्या. तिने एकाला साव केलं आणि घोटाळा झाला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुयोग सर तपासणीला येणार होते.

ती तशीच स्कूटी काढून निघाली. महादूची बॅटरी बारा पूर्णांक सहा, सोमाची अकरा पूर्णांक सहा. सोमाच्या बॅटरीवर चंद्रकलेने आठ गोधड्या घडी करून रचल्या होत्या, आणि त्या हलवायच्या नाहीत, त्यांना वास लागतो, असं तिचं म्हणणं होतं. गोधड्यांच्या मागून दोन तारा खिडकीकडे गेलेल्या संघरत्नाला दिसत होत्या. तिला त्या दिसतायत हे चंद्रकलेलाही दिसत होतं. सोमा म्हणाला की तार कसली? मला मुद्दाम नासकी बॅटरी दिली, वाटपाच्या वेळी थोरल्याने आधी उचलली ना.

महादूने तिला शेतावर नेलं. त्याच्या वालात डुकरांनी नांगर घातल्यासारखं केलं होतं. सोमाचा वाल शेजारी ताठ उभा, एक पान वाकडं नाही. डुकरांची पावलं बांधापर्यंत येत होती आणि तिथून माघारी वळत होती.

"डुकराला सातबारा वाचता येतो काय गो?" महादूने विचारलं.

संघरत्ना बांधावर वाकून पावलं बघत राहिली.

"माजी बायको गुमान चिमटं काढते, माजा वाल डुकरं खातात, आनि बॅटरी नासकी मीच दिली. उद्या तुजा साहेब येऊं दे. सगळ्यांच्या म्होरं त्या गोधड्या मीच उचलतो."

तिने त्याला हात जोडले. काका, असं केलंत तर संच जाईल, तुमचाही उजेड जाईल आणि माझी नोकरीही. महादू म्हणाला की उजेडाशिवाय आमी जल्म काढला, अजून काढू, पण एकदा कोन खरा कोन खोटा ते चारचौघांत होऊं दे. त्याच्या तोंडावर सहा वर्षांचा हिशेब चुकता होत असल्याचं समाधान होतं. असं समाधान पाहिलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

परत येऊन तिने सोमाच्या खोलीत पुन्हा एकदा विनवणी केली. तो छताकडे बघत बसला. शेवटी ती थकून भिंतीतल्या भोकाशी बसली आणि कोणाला म्हणून नाही, आपली आपल्याशीच बोलावी तशी बोलली. सर तारा शोधत नाहीत, गोधड्या उचलत नाहीत. ते फक्त दोन आकडे बघतात, दोन्ही सारखे पाहिजेत एवढंच. पण खाली गेलेली बॅटरी वर चढायला दोन दिवस लागतात, एका रात्रीत नाही चढत. मग ती उठली, पिशवी घेतली, आणि रडू आलेलं कोणाला दिसू नये म्हणून हेल्मेट खोलीतच घातलं.

दुसऱ्या दिवशी सुयोग सरांना मागे बसवून ती आली. सुयोग सर भला माणूस, पण आकड्यांचा. रस्ताभर ते तिला सांगत होते की हर्षितच्या संचात पहिल्याच तपासणीत शून्य पूर्णांक एकचासुद्धा फरक नव्हता. घराजवळ आल्यावर महादूचा कोंबडा आरवला. सकाळचे दहा वाजले होते, आणि त्याचा आवाज गाणाऱ्या माणसाचा बसतो तसा बसलेला होता.

महादू पडवीत बसला होता, डोळे लाल. शकूचे डोळे त्याहून लाल. सोमा आपल्या दारात खांबाला टेकून उभा, आणि त्याच्याही डोळ्यांत झोप दिसत नव्हती.  महादूने गोधड्यांचं नाव काढलं नाही.

सर आधी सोमाच्या खोलीत गेले. चंद्रकलेने स्वतःच वरच्या चार गोधड्या उचलल्या, बॅटरीची दोन टोकं उघडी होतील एवढ्याच. मीटर लागलं. अकरा पूर्णांक सहा. सरांनी भुवया उंचावल्या आणि आकडा लिहून घेतला. संघरत्नाने मनातल्या मनात झेरॉक्स मशीनचं झाकण उघडलं.

मग सर महादूच्या खोलीत आले. मीटर लागलं. अकरा पूर्णांक सहा.

संघरत्नाने मीटर सरांच्या हातातून घेतलं, झटकलं, पुन्हा लावलं. अकरा पूर्णांक सहा. कालची बारा पूर्णांक सहा असलेली बॅटरी एका रात्रीत बरोबर एक व्होल्ट खाली उतरून भावाच्या बॅटरीच्या शेजारी येऊन बसली होती.

सरांचं समाधान झालं. दोन्ही जरा उतरल्यात खऱ्या, पण धुकं पडतंय आणि पॅनेलवर धूळ असेल, फडक्याने पुसत जा, असं त्यांनी शकूला बजावलं. जोडी मात्र एकदम सारखी आहे, संघरत्ना, हर्षितपेक्षाही चांगली, असं ते म्हणाले. संघरत्नाला आनंद व्हायला हवा होता, पण तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं होतं. तिथे कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं घातलेलं होतं, त्याच्यावर घोंगडी, आणि घोंगडीच्या कडेने भिंतीवर उजेडाचे बारीक बारीक ठिपके पडले होते. भर दिवसा.

"कसला तरी वास येतोय," सर म्हणाले. "जळल्यासारखा."

"भाकरी करपली," शकू म्हणाली.

चूल थंड होती, तिच्यावर मांजर झोपलं होतं. पण सर शहरातले. करपलेल्या भाकरीचा वास जळक्या लोकरीसारखा येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी मान डोलावली आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजून कट झाला. इथे रेंज फक्त ओढ्याकडच्या आंब्याखाली मिळते असं महादूने त्यांना सांगितलं, आणि इतक्या लगबगीने सांगितलं की सर जवळजवळ पळतच गेले. "तोवर सही घेऊन ठेव," असं ते जाता जाता संघरत्नाला म्हणाले.

सर दिसेनासे झाल्याबरोबर शकूने घोंगडी ओढली. डालग्याखाली ट्रॅक्टरचे दोन हेडलाइट भणाणत होते, त्यांच्या तारा महादूच्या बॅटरीला.

"काल दिवेलागणीपासून चालू हायेत," शकू दबक्या आवाजात सांगायला लागली. "घरात नुस्ती जत्रा. ह्या कुशीवर वळा तरी उजेड, त्या कुशीवर वळा तरी उजेड. कोंबडा एक वाजल्यापासून आरवतोय, सकाळ झाली म्हनून. ह्ये आपले दर तासाला मीटर लावतात आनि म्हनतात, अजून उतरली नाय, अजून उतरली नाय. बंडूकडून मागून आनलं मीटर, टोकावड्याच्या ग्यारेजमधनं."

संघरत्नाने महादूकडे पाहिलं. कालच हा माणूस चारचौघांत खरंखोटं करणार होता.

महादू पाठ फिरवून बसला, म्हणून शकूनेच सांगितलं. काल संघरत्ना गेल्यावर भोकातून पलीकडचं बोलणं येत होतं. चंद्रकला सोमाला म्हणत होती की जा आणि कबूल करा, त्या पोरीची नोकरी जाईल. आणि सोमा म्हणाला की कुठल्या तोंडाने जाऊ, दादाने तार काढली, त्याचा वाल गेला, आणि मी नाही काढली. सहा वर्षांनी दादाशी बोलायचं ते हे बोलू? एवढं ऐकल्यावर महादू उठला, घरामागच्या ट्रॅक्टरकडे गेला आणि त्याचे दिवे काढून घेऊन आला.

"त्यो दादा म्हनला," शकू म्हणाली.  "दोन येळा म्हनला."

"तू गप गो," महादू म्हणाला.

 संघरत्नाला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्ही आवरायला तिने तंत्रज्ञाचा आवाज काढला. भोकाच्या जवळ जाऊन, दोन्हीकडे ऐकू जाईल असं ती बोलली. दोन्ही बॅटऱ्यांतून सारखं घेणारं एक डबडं मिळतं, ते मी आणून लावते. त्याच्यावर झटका मशीन चालेल, पण एकच. म्हणजे तारही दोन्ही शेतांना मिळून एकच घालावी लागेल, आणि मधल्या बांधावरची काढावी लागेल. आत्ता मात्र ज्याने जे जे लावलंय ते काढून टाकायचं, नाहीतर आठ दिवसांत मीच सरांना सांगेन.

महादूने हात पुढे केला. 

"कागद आन," महादू म्हणाला.

तिने पिशवीतून कागद काढून पेन दिलं. महादूने तो जमिनीवर ठेवला आणि त्या एका ओळीकडे बराच वेळ बघत राहिला. सरांची पावलं केव्हाही वाजतील म्हणून संघरत्ना दाराकडे बघत होती. मग त्याने ओळीची सुरुवातीची अर्धी जागा कोरी सोडली आणि उरलेल्या अर्ध्यात, पार उजव्या कडेला दाबून, आपलं नाव लिहिलं. ह्याच्या आधी इतकं बारीक त्याने कधी लिहिलं नसावं. 'देसले'तला 'स' कडेच्या रेघेत अडकला आणि शेवटचा 'ले' खालच्या ओळीत उतरला. पण डाव्या हाताची जागा, जिथे पहिलं नाव येतं, ती कोरी राहिली.

त्याने कागदाची सुरळी केली, पेन तिच्यात घातलं, आणि केबलच्या शेजारून ती सुरळी भोकात सरकवली. पलीकडून कोणीतरी ती ओढून घेतली.

बराच वेळ गेला. चंद्रकला काहीतरी हळू आवाजात वाचून दाखवत होती. सोमाला वाचता येत होतं, पण त्या वेळी येत नसावं. मग सुरळी भोकातून परत आली. संघरत्नाने उघडली. डावीकडे मोठ्या, ठळक अक्षरांत सोमा देसले, उजवीकडे दबून बसलेला महादू देसले, दोघे एकाच ओळीवर.

ओढ्याकडून सरांचं खोकणं ऐकू आलं. संघरत्नाने कागद घडी करून पिशवीत ठेवला. तेवढ्यात भोकातून आवाज आला, घसा साफ केल्यासारखा, आणि मग शब्द.

"दादा, बत्ती मालव आता. रातभर ह्या भोकातून माज्या तोंडावर येत व्हती."

महादू डालग्याकडे वळला. एक तार काढली, मग दुसरी.

"मालवली," तो भिंतीला म्हणाला. "तू तुजी तार काढ."